टाइमपास कादंबरी मराठीत वाचली की लाज काहून वाटावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एक लेख आला होता, की मराठी माणूस मुळात वाचतोच कमी आणि जे वाचतो तेही टुकार, रहस्यकथा, प्रेमकथा, भुताखेतांच्या कादंबऱ्या, असलं काहीतरी. लेख मुद्देसूद होता, भाषा छान होती, आणि वाचताना मला इतका राग आला की संपल्यावर परत पहिल्यापासून वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसली होती पण मग मार्च एंड आला, त्यानंतर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि पत्र राहूनच गेलं. लेख आता बाकीचे विसरले असतील, मी नाही विसरली.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर आकडे, सही जुळत नाही, काका केवायसी अपडेट करा, सर्व्हर डाऊन आहे थांबा, आणि घरी येईपर्यंत डोक्याचा भुगा. रात्री भांडी आवरली, दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून ठेवली की तासभर आपला मिळतो, तर त्या तासात काय वाचायचं ते मीच ठरवणार ना. ज्यात पहिल्याच पानावर कोणीतरी मेलेलं सापडतं, नाहीतर नायिका भलत्याच गाडीत जाऊन बसते, आणि पुढे काय झालं हे कळल्याशिवाय लाइट बंद करवत नाही, असं पुस्तक मला लागतं. वैचारिकही वाचते, चरित्रं वाचते, सुट्टीत बसून आवडीनं वाचते. पण रोज रात्री नाही होत बाप्पा. आणि होत नाही म्हणून मी हलकी झाली असं जर कोणी म्हणून राहिलं असेल तर त्यांनी एकदा महिनाअखेरीला आमच्या काउंटरवर बसून दाखवावं.

बरं, मला जास्त लागलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हेच सगळं इंग्रजीत असलं की चालतं. आमच्या ऑफिसमधले एक साहेब अगाथा ख्रिस्ती वाचतात, टेबलावर सगळ्यांना दिसेल असं पुस्तक ठेवतात. त्या बाईंनी ६६ डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिल्या, मीही त्यातल्या बऱ्याच वाचल्यात, भन्नाट आहेत, त्याबद्दल काही म्हणणंच नाही. पण तेच साहेब माझ्या हातात बाबूराव अर्नाळकर बघून म्हणाले, मॅडम तुम्ही अजून हे वाचता? आता बघा, खून तिकडेही होतो आणि इकडेही होतो, तिकडे इंग्लंडमधल्या बंगल्यात होतो, इकडे मुंबईत होतो. शोधणारा तिकडेही हुशार, इकडेही हुशार. मग तिकडचं क्लासिक आणि इकडचं रद्दी, हे कोणी ठरवलं? अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६ चा जन्म, १९९६ ला गेले, आणि मधल्या काळात हजाराच्या वर रहस्यकथा लिहून गेले. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. आमच्या बाबांच्या वयाच्या कोणत्याही काकांसमोर ही नावं नुसती घेऊन बघा, काका खुर्चीत सरळ होऊन बसतात. पण त्याच काकांच्या घरातल्या काचेच्या कपाटात बघाल तर अर्नाळकर एकही नाही. तिथे जाडे ग्रंथ, तेही लग्नात आलेले.

मी स्वतः कित्येक वर्षं असल्या पुस्तकांना पेपरचं कव्हर घालायची, बहुतेक वेळा तुमच्याच पेपरचं. मेट्रोत शेजारच्या बायकांना वाटायचं ही काहीतरी पोथी वाचून राहिली. आणि समोरची मुलगी इंग्रजी प्रेमकथा, गुलाबी कव्हर, वर सोनेरी अक्षरं, मस्त उघडी धरून वाचायची, तिला कोणी काही म्हणत नव्हतं, उलट आया आपल्या पोरांना सांगायच्या बघ ताई कशी इंग्लिश बुक वाचते. इंग्रजी शिकावं, वाचावं, माझा काही विरोध नाही. पण त्या मुलीला तसलीच फक्कड प्रेमकथा मराठीत पाहिजे असेल तर नवी कोणती सांगाल? दुकानात विचारून बघा. दुकानदार तुम्हाला आत्मचरित्र, यशस्वी कसं व्हावं आणि ऐतिहासिक ठोकळा दाखवेल.

तुमच्या लेखकाचा सूर असा होता की पूर्वी सगळं उच्च होतं आणि आता घसरलं. पूर्वी म्हणजे केव्हा हो? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला १८६१ ची, मराठी कादंबरी नुकती रांगत होती तेव्हाची. त्यात काय आहे तर सद्गुणी नायिका संकटात, कारस्थानी खलनायक, योगायोगावर योगायोग आणि शेवटी सगळं गोड. म्हणजे आपली कादंबरी चालायला शिकली तीच करमणुकीचं बोट धरून. वि. स. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरच्या बायका दुपारी त्यांच्या कादंबऱ्या वाचून पदराला डोळे पुसत होत्या, ते आधी लोकप्रिय झाले आणि थोर नंतर ठरले. चंद्रकांत काकोडकर तर बिचारे कोर्टात गेले. १९६२ च्या एका दिवाळी अंकात त्यांची श्यामा ही कादंबरी आली, अश्लील म्हणून खटला झाला, हायकोर्टानं दोषी धरलं, आणि मग १९६९ ला सुप्रीम कोर्टानं सोडलं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं होतं की साहित्य म्हणून हे फार उंचीचं नसेलही, पण तेवढ्यानं ते अश्लील होत नाही. विषय अश्लीलतेचा होता हे मला कळतं, तरी मला तो निकाल आवडतो कारण न्यायाधीशांनी निदान पूर्ण वाचून मत दिलं, आपल्याकडे कव्हर बघूनच निकाल लागतो. आणि गंमत म्हणजे त्याच १९६९ ला काकोडकरांच्या नीलांबरी या कादंबरीवरून काढलेला दो रास्ते सिनेमा आला आणि तुफान चालला. हिंदीत पडद्यावर गेली की तीच गोष्ट भारी.

सुहास शिरवळकरांचंही तसंच. दुनियादारी १९८२ ची. कॉलेजच्या पोरांनी ती कादंबरी फाटेपर्यंत वाचली, पाठ केली, पण मोठ्या लोकांच्या मोठ्या चर्चेत त्यांचं नाव कुठे ऐकलं तुम्ही? २०१३ ला सिनेमा आला तेव्हा कुठे पुस्तक दुकानाच्या दर्शनी भागात आलं, आणि तोपर्यंत लेखक जाऊन दहा वर्षं झाली होती.

आता वाचनालयाचं सांगते. आमच्या भागात एक जुनं वाचनालय आहे, नाव नाही लिहीत. तिथे बसून मी एक चाळा करते, पुस्तकाच्या मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघते. फार मजा येते त्यात. जाड्या पुरस्कारप्राप्त पुस्तकाच्या चिठ्ठीवर कधीकाळचे दोन-तीन शिक्के, त्यातला एक बहुतेक कोणाच्या तरी पीएचडीचा असावा. आणि शेजारी एखादी शैलजा राजे, एखादे बाबा कदम, नारायण धारप, त्यांच्या चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली, शिक्क्यांवर शिक्के, पुस्तक दोनदा शिवलेलं, कोपरे गोल झालेले. वर्गणी भरणारी माणसं कोणत्या पुस्तकांसाठी येत होती हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे, वेगळा सर्व्हे करायची गरज नाही. आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान, तर ते अनुदान ठरल्या वेळेत खर्च करायचं म्हणून गठ्ठ्यानं पुस्तकं येतात असं आमचे ग्रंथपाल सांगत होते. त्या गठ्ठ्यात वाचकांनी मागितलेलं काय असतं देव जाणे. आणि जी शिवलेली, फाटलेली आहेत ती जीर्ण म्हणून बाद होतात आणि परत घेतली जात नाहीत कारण नवी आवृत्तीच निघालेली नसते. म्हणजे जे पुस्तक सगळ्यात जास्त वाचलं गेलं तेच सगळ्यात आधी कपाटातून गेलं. मग दहा वर्षांनी कोणीतरी लेख लिहितं की वाचनालयं ओस पडली!

यावर म्हणतील की ते लिखाण टिकणारं नव्हतं. सगळं नव्हतंच, मान्य. या कादंबऱ्यांतलं काय काय मला खटकतं ते मी चांगली यादी करून देऊ शकते. नायिका गोरीपान नसली तर कादंबरी सुरूच होत नाही. खलनायक दिसताक्षणी ओळखू येतो कारण तो काळा आणि त्याचे डोळे तांबारलेले. गरीब घरची मुलगी शेवटी श्रीमंताची हरवलेली मुलगी निघते. शिकलेल्या बाईला शेवटच्या प्रकरणात नवरा नाहीतर सासरा शहाणपण शिकवतो आणि ती रडते. या सगळ्यावर बोला ना, जरूर बोला, मला पाहिजेच आहे कोणीतरी बोलायला. पण त्यासाठी आधी वाचावं लागेल, आणि चांगली टाइमपास कादंबरी कोणती आणि भिकार कोणती हा फरक करावा लागेल, सगळ्यांना एकाच पोत्यात भरून नाही चालत. कारण हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पहिल्या दोन पानांत नायकाचं नाव, धंदा, अडचण, सगळं चार संवादांत सांगून मोकळं व्हायचं आणि वाचकाला कळूही द्यायचं नाही की आपल्याला काही सांगितलं गेलं. खुनी माणूस तिसऱ्या प्रकरणात आपल्यासमोरून चहाचा ट्रे घेऊन गेला पाहिजे आणि तरी लक्षात आला नाही पाहिजे. प्रकरण बरोबर अशा जागी तोडायचं की बाई म्हणेल अजून एकच, आणि साडेबारा वाजतील. काहींना हे जमायचं, काहींना नाही. ज्यांना जमायचं त्यांचं कौतुक त्यांच्या हयातीत कुठे छापून आलं?

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगते. ऑपरेशननंतर काही दिवस वाचू नका म्हटल्यावर त्या इतक्या चिडल्या की विचारू नका, कारण बाकी टीव्ही वगैरे त्यांना नाही आवडत, कादंबरी पाहिजे. मग मुलानं मोबाईलवर स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप लावून दिलं, ते २०१७ ला आपल्याकडे आलं आणि मराठी पहिल्यापासून होतं त्यात. आता काळा चष्मा लावून पडून ऐकत असतात. मी ड्रॉप टाकायला गेली की हात वर करून थांबवतात, "थांब वं जरा, आता पकडून राहिला तो त्याले." जेवताना आम्हाला सांगतात की त्या भाचीनं खून केलेलाच नाही, उगाच तिच्या मागे लागले सगळे, तो वकीलच बदमाश आहे, आणि बऱ्याचदा वकीलच निघतो. आणि आमच्या बँकेत नवीन लागलेली एक मुलगी आहे, तिला वाटलं होतं मी वैचारिक बाई, म्हणून लपवून वाचायची, प्रतिलिपी या गोष्टींच्या ॲपवर रोज एक भाग, कोणाचं तरी ठरवून झालेलं लग्न आणि हळूहळू जमणारं प्रेम. मराठीतच. मी विचारलं पुढे काय झालं, तर आधी लाजली आणि मग लंच टाइम संपेपर्यंत सांगत बसली. म्हणजे वाचक कुठे गेला म्हणून रडून राहिले ते चुकीच्या ठिकाणी शोधून राहिले. तो मोबाईलवर क्रमशः वाचतोय, कानात ऐकतोय, फक्त तुमच्या पुरवणीत त्याची नोंद नाही.

आता नागपूरवाली म्हणून माझी एक स्वतंत्र तक्रार आहे. या कादंबऱ्यांत मुंबई असते, पुणं असतं, कोकणात भुताचं घर असतं, महाबळेश्वरला बंगला असतो. नागपूर कधी येतं? नायकाची बदली होते तेव्हा, नाहीतर कोणाची तरी आत्या नागपूरला असते आणि तिथे ऊन फार असतं, संपलं नागपूर. अहो इथे किती माल पडलाय! डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन घ्या, १९५३ च्या नागपूर करारामुळे इथे होणारं. अख्खं सरकार इथे येतं, आमदार निवास भरलेलं, रस्त्यावर मोर्चे, बॅरिकेड, रात्री कडाक्याची थंडी आणि जागोजागी शेकोट्या. एका आमदाराचा पीए खोलीत मेलेला सापडतो. सगळे संशयित बाहेरगावचे, अधिवेशन गुंडाळलं की विमानात बसून मुंबईला पळणार, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या इन्स्पेक्टरकडे वेळ किती तर अधिवेशन संपेपर्यंत, आणि वरून ते एक दिवस आधीच गुंडाळायचं घाटत असतं. लेखकाला वेगळं टेन्शन निर्माण करायची गरजच नाही. किंवा बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा किल्ला, १८१७ च्या लढाईचा, आता सैन्याच्या ताब्यात, सामान्य माणसाला वर्षातून मोजकेच दिवस आत सोडतात, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे. त्या दिवशी आत गेलेल्यांत एक माणूस बाहेर आलाच नाही. कस्तुरचंद पार्कात खोदताना जुन्या तोफा निघाल्या होत्या, आता तोफा निघू शकतात तर अजून काय काय निघू शकतं, विचार करा.

आणि मारबत, म्हणजे पीडा घालवायला निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक! १८८० च्या दशकापासून निघून राहिली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडा चाललेला, आणि सोबत ते बडगे, म्हणजे शेवटी जाळायचे पुतळे. सराफा ओळीतून चोरलेले हिरे एका बडग्याच्या पोटात लपवलेत, आणि मिरवणूक संपली की बडगा जाळणार. चोराला तो गर्दीत गाठायचाय, पोलिसांना गाठायचाय, आणि बडगे बनवणाऱ्या पोराला यातलं काहीच माहीत नाही. मला लिहिता येत नाही म्हणून, नाहीतर हे मीच लिहून काढलं असतं. प्रेमकथा पाहिजे असेल तर मेट्रोची ॲक्वा लाइन आहे, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, ती सीताबर्डीला उतरते आणि तो खापरीकडची ऑरेंज लाइन पकडतो, रोज त्या सरकत्या जिन्यावर तेवढीच भेट. फुटाळा तलावावर शेवट करू नका फक्त, तिथे फार गर्दी असते.

तर संपादक साहेब, माझ्या मागण्या फार नाहीत. पुरवणीत महिन्यातून एकदा तरी या पुस्तकांचं परीक्षण द्या, रीतसर, कथानक कसं बांधलंय, कुठे फसलंय, बाईचं पात्र कसं आहे, हे सगळं बघणारं, "फावल्या वेळात वाचायला ठीक" असं दोन ओळींचं नाही. विदर्भातल्या एखाद्या नव्या लेखकाकडून रोज पाऊण कॉलमची क्रमशः कादंबरी छापून बघा, राशिभविष्याच्या खाली जागा असते. विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, शंभरी ओलांडली, त्यांनी रहस्यकथेवर एक दिवस कार्यक्रम ठेवावा, मी सुट्टी टाकून येईन, सासूबाईंनाही आणेन, फक्त त्याला "लोकप्रिय साहित्य: एक चिंतन" असं नाव देऊ नका नाहीतर त्या यायच्या नाहीत. आणि मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला त्याचा आनंद आहेच, पण अभिजात भाषेत एखादी झक्कास खुनाची गोष्ट लिहायला बंदी आहे असं जीआरमध्ये कुठे लिहिलेलं नसावं.

पत्र लांबलं, मला माहीत आहे तुम्ही कापणार. कापायचंच असेल तर तो कोर्टाचा भाग कापा, माझी तक्रार नाही. आमदार निवासवाली आयडिया मात्र ठेवा, आणि कोणी लेखकानं उचलली तरी चालेल, पैसे नको, फक्त खून पहिल्या दहा पानांत झाला पाहिजे.

आपली,
एक वाचक, नागपूर